फ्रेममध्ये कुणीतरी बसवा

ग्वाल्हेरचा दगड ड्रिलला भीक घालत नाही.
आठ एमएमचे दोन बिट सकाळपासून बोथट झाले,
भोक अजून करंगळीच्या पेराएवढं.
शिडी धरून उभा कुशवाह
भुवयांपर्यंत पिवळट भुकटीनं माखलेला,
म्हणतो, लघाटेजी, हा दगड नाही, बडा बाबू आहे,
हळूहळूच सरकणार.

तुरुंगाच्या फाटकावर हत्यारं मोजून घेतात.
पेचकस सात, पकडी दोन, क्रिंपिंगचं एक,
ॲलन कीचा जुडगा एक धरायचा की नऊ
यावर शिपायाशी दहा मिनिटं हुज्जत.
शेवटी रजिस्टरात: एकूण नग तेवीस.
खाली माझी सही. वेळ नऊ चाळीस.

तेरा वर्षं हेच.
हे शहर मला वरून ठाऊक आहे, छताकडून:
मोरारच्या मंगल कार्यालयाच्या फॉल्स सीलिंगमध्ये
वाळून कागद झालेलं पारव्याचं पिल्लू.
कंपूच्या कोचिंग क्लासात, पंख्याच्या हुकाला
दोरीचा एक वेढा,
खालून कापून नेलेला.
मी काही विचारलं नाही. शेजारून वायर ओढली.

लोक पडदा बघतात.
काम नीट झालं तर आम्ही कुठेच दिसत नाही:
वायर भिंतीत, भिंतीवर लांबी, लांबीवर रंग.
घरी, दौलतगंजात, टीव्ही अजून स्टुलावर आहे.
एक पाय आखूड, त्याखाली सुनीतीनं
जुना दिवाळी अंक सरकवलाय.

दुपारी दोनला लाइन जुळली.
पलीकडे कोर्टात भदौरिया,
मागे रिकाम्या खुर्च्या.
म्हणाला, फ्रेममध्ये कुणीतरी बसवा.
कुशवाह पाणी प्यायला गेला होता.
मी बसलो.
लोखंडी स्टूल, जमिनीत बोल्ट मारलेलं,
(ते बोल्ट माझे नव्हेत).
थोडं डावीकडे. हनुवटी वर. नाव सांगा.
लघाटे, म्हणालो.
अर्ध्या सेकंदानं माझाच आवाज
कोर्टात जाऊन परत आला: लघाटे,
जरा जाड, जरा
काहीतरी करून आल्यासारखा.
पूर्ण नाव, भदौरिया हसत म्हणाला.
मला हसू आलं नाही.
एको कॅन्सल लाव आधी, म्हटलं.

यादीतलं शेवटचं कलम:
कोपऱ्यातली छोटी चौकट, जिच्यात आपण आपल्याला दिसतो,
ती बंद ठेवावी. बंदी विचलित होतात.
बंद केली. टिक.

फाटकावर नग बावीस निघाले.
पुन्हा मोजले. बावीसच.
कुशवाहचे बूट काढायला लावले, माझे मोजे.
मग आठवलं. टेस्टर.
पडद्यामागच्या बॉक्सवर, झाकण लावताना ठेवलेला.

परत गेलो, शिपाई मागे.
स्टुलावर तोवर एकाला आणून बसवलेलं,
साडेतीनची तारीख होती त्याची.
ओल्या तळव्यानं भांग पाडत होता
काळ्या पडद्यात बघून, जमेल तितका वाकून.
मला साहेब समजून उठायला गेला,
मग शिपायाकडे बघून अर्ध्यातच थांबला.
भाईसाब, म्हणाला, तिकडे मी कसा दिसेन?

याला उत्तरं असतात आमच्याकडे.
फोकस, एक्स्पोजर, पांढरा रंग कितीवर लावलाय.
मी रिमोट घेतला
आणि छोटी चौकट उघडली.

तो बघत राहिला.
कानाजवळचे केस दाबले,
चौकटीतल्यानं पलीकडचा कान धरला.
हात बदलून बघितला.
मग हळूच, आम्हा दोघांपैकी कुणालाच नाही असं,
पिकले की, म्हणाला.

शिपाई घड्याळाकडे बघत होता.
टेस्टर काढला, खिशाला लावला,
चौकट तशीच राहू दिली.

रजिस्टरात तेवीस. वेळ तीन पंचवीस.
एको अजून थोडा येतोय.
उद्या येऊन बघू.